पांघरूण बाजूला कर आणि बघ

बस. मोबाईल खिशात टाक. मी बोलतोय तोवर तो वाजला तरी काढायचा नाही.

हा काल रात्रीचा केसपेपर. अक्षर तुझं, सही तुझी. वय १४, मुलगा. पोटात दुखणे, उलट्या दोन. पॅन्टोप्राझोल, ऑन्डान्सेट्रॉन, एक सलाईन. तपासणीच्या जागी दोन शब्द: पोट मऊ. रात्री साडेअकराला आलेलं पोरगं एक वाजता घरी पाठवलंस. सकाळी आठला बाप त्याला उचलून परत घेऊन आला. तेव्हा पांघरूण सिस्टरनं बाजूला केलं. डावं अंड वर चढलेलं, टणक, सुजलेलं. धुळ्याला टेबलावर घेईपर्यंत चौदा तास उलटले होते. काळं पडलेलं अंड काढून टाकावं लागलं.

टॉर्शन म्हणजे काय हे तुला ठाऊक नव्हतं का? नव्हतं म्हण. मी गप्प बसतो, पुस्तक देतो, शिकवतो. पण तू तसं म्हणू शकत नाहीस. त्या वेळी तू नीट-पीजीचे प्रश्न सोडवत बसला होतास. टॉर्शनचा प्रश्न त्यात किती वेळा येतो? किती वेळा बरोबर उत्तर दिलंस? सहा तासांच्या आत अंडाचा पीळ सोडवला तर दहांतली नऊ अंडं वाचतात, बारा तासांनंतर निम्म्याच्या आसपास, चोवीस तास उलटले की क्वचितच एखादं. हे तू झोपेतून उठवलं तरी सांगशील. मग समोरच्या कॉटवर पडलेल्या पोराला बघून तुला ते का आठवलं नाही? तिथे चार पर्याय लिहिलेले नव्हते म्हणून?

ढ माणसावर मी आवाज चढवत नाही. तुझ्यावर चढवतोय, कारण तू ढ नाहीस.

आता सबबी सांग. म्हणालास, तो पोटच दुखतं म्हणत होता. म्हणणारच! वृषण मूळचं पोटातलं, तिथूनच खाली उतरतं, त्याच्या संवेदना नेणाऱ्या नसाही वरूनच येतात. म्हणून पीळ पडला की बेंबीजवळ कळ येते आणि उलटी होते. हे शरीरशास्त्र पहिल्या वर्षाला शिकलास. आणि चौदा वर्षांचं पोरगं, शेजारी आई, मावशी, चुलत बहीण उभी, ते तोंडानं सांगणार आहे का की खाली दुखतंय? मेलं तरी सांगणार नाही. त्याची लाज त्याच्या वयाला शोभते. तुझी लाज तुझ्या पदवीला शोभत नाही. कारण त्याच्याइतकाच तूही लाजलास. पोट दाबलंस, नाडीच्या गाठीपाशी हात थांबवलास आणि पांघरूण ओढून घेतलंस.

मुलगा, पोटदुखी, उलटी. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की खालची तपासणी झाल्याशिवाय पेपरवर सही करायची नाही. बायकांना पडद्याबाहेर पाठव. बापाला थांबव, वॉर्डातल्या मामांना जवळ ठेव. पोराला सरळ भाषेत सांग की मी काय बघणार आहे आणि का. आधी न दुखणारी बाजू तपास, म्हणजे तो बिथरत नाही. मांडीच्या आतल्या बाजूनं बोट हलकेच ओढ. त्या बाजूचं अंड वर उचललं गेलं पाहिजे. नाही उचललं, अंड आडवं आहे, वर सरकलेलं आहे, हात लावू देत नाही, तर निदान झालं असं समज आणि घड्याळ बघ. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात.

दुसरी सबब: रात्री सोनोग्राफी बंद असते. असू दे. संशय पक्का असेल तर डॉपलरसाठी थांबायचंच नाही, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. तिसरी: आपल्याकडे युरॉलॉजिस्ट नाही. मी तुला किती वेळा सांगितलं की पीळ सोडवून अंड टाके घालून बसवणं हे जनरल सर्जनचं काम आहे? सर्जन आणि भूलतज्ज्ञ रात्री दोनला उठतात. शिव्या देत उठतील, पण उठतील. तू फोनच केला नाहीस. आणि टेबल मिळायला वेळ लागणार असेल तर तोवर वेदनाशामक देऊन अंड आतून मांडीच्या दिशेनं बाहेर वळवून बघ. बहुतेक पीळ आतल्या बाजूला पडलेले असतात. कळ एकदम ओसरली तर वेळ मिळाला. दुखणं वाढलं तर उलट्या दिशेचा पीळ असेल, थांब. सुटला तरी शस्त्रक्रिया टळत नाही. दुसरी बाजूही टाके घालून बसवायची असते, कारण ज्या रचनेमुळे एका बाजूला पीळ पडतो ती बहुधा दोन्हीकडे असते.

धुळं इथून ५५ ते ६० किलोमीटर. जळगाव नव्वदच्या आसपास. सहा तासांतून गावाहून चाळीसगावला येण्याचा वेळ वजा कर. गाडी शोधण्याचा वजा कर. रस्त्याचा वजा कर. पुढे पोचल्यावर केसपेपर, तपासण्या, टेबल. तुझ्या हातात किती उरतो? तासभर. तो तास तू गॅसच्या इंजेक्शनवर घालवलास.

पण एकट्या त्या पोराची गोष्ट असती तर मी इतका चिडलो नसतो. कमरेखालचं दुखणं आलं की तुझा मेंदू बंद होतो, ही खरी तक्रार आहे. मागच्या महिन्यातले आबा आठवतात? सत्तरीचे, धोतर, डोक्याला टोपी, मुलगा मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला होता. सकाळपासून लघवी नाही, ही तक्रार. तू काय दिलंस? लॅसिक्स. लघवी होत नाही म्हणून लघवीचं इंजेक्शन! नळ गंजून बंद पडलाय आणि तू टाकीत आणखी पाणी सोडलंस. हात ठेवला असतास तर मूत्राशय बेंबीपर्यंत फुगलेलं लागलं असतं. बोटानं ठोकलं असतंस तर बद्द आवाज आला असता. म्हातारा कॉटची कड धरून घामाघूम झाला होता आणि तू किडनी फेल्युअर म्हणून क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट बघत बसलास.

दुसरे एक आजोबा तर सारखे थेंब थेंब गळतात म्हणून आले होते. लघवी होतेय ना, मग तुंबली कशी, असा तुझा हिशोब. भरून वाहणारं मूत्राशयच थेंब थेंब गळतं. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं त्या दाबाखाली सुजली होती.

आता नळीबद्दल. मला ठाऊक आहे, तू नळी टाकायला कचरतोस. आधी मामांना सांगतोस, मग सिस्टरना, आणि दोघांनाही जमलं नाही की रेफर. इतके महिने बॉण्डची सेवा करून तुझ्या हाताखालून किती नळ्या गेल्या? ही कॅथेटर फ्रेडरिक फोली या अमेरिकन युरॉलॉजिस्टनं १९३० च्या दशकात घडवली. टोकाला फुगा, म्हणून ती आत टिकते. फोलीच्या कल्पनेतली मोठी सोय हीच आणि तुझ्या हातात सगळ्यात मोठा धोकाही हाच. कारण तुला घाई असते.

घाई कशी करतोस ते सांगतो. पाकीट फोडलंस, टोकाला चिमूटभर जेली लावलीस आणि ढकलायला सुरुवात. म्हातारा ओरडतो, स्नायू आवळतो, नळी प्रोस्टेटपाशी अडते, तू जोर लावतोस. थोडी आत गेली, लघवी आली नाही, तरी फुगा फुगवतोस. तो फुगा मूत्रमार्गातच फुगला. मूत्रमार्ग फाटला. रक्त आलं. आता त्या माणसाच्या जन्माला स्ट्रिक्चर. दर काही महिन्यांनी मार्ग रुंद करून घ्यायला त्यानं शहरात खेपा घालायच्या, पैसे भरायचे, मुलानं शेतातलं काम सोडून सोबत जायचं. तू मात्र पेपरवर लिहून मोकळा: नळी टाकणे अवघड.

अवघड काही नव्हतं. लिग्नोकेनची जेली १० ते १५ मिलिलिटर, सिरिंजनं मूत्रमार्गात सोड आणि थांब. पाच मिनिटं. या पाच मिनिटांत म्हाताऱ्याशी बोल. सर्दीची गोळी घेतली का ते विचार, कारण त्या गोळ्यांमुळे प्रोस्टेटवाल्याची लघवी अडते. बद्धकोष्ठ आहे का, आधी धार बारीक होती का, कमरेत आणि पायात बधिरपणा आहे का, तेही विचार. बधिरपणा असेल तर दुखणं मणक्यातलं आहे आणि गाडी वेगळ्या दिशेनं धावायला हवी. मग शिश्न सरळ वर ताणून धर. १६ नंबरची नळी. प्रोस्टेट मोठी वाटली की अनेक जण बारीक नळी घेतात, ती आत वळते. वाकड्या टोकाची कुडे नळी असेल तर टोक वर ठेवून १६ किंवा १८ ची घे. जिथे अडते तिथे हळू दाब ठेव, रुग्णाला खोल श्वास घ्यायला लाव. आत जाऊ दे, थेट दुफाट्यापर्यंत. लघवी धारेनं आली पाहिजे. आल्यावरच फुगा, निर्जंतुक पाण्यानं. फुगवताना दुखतंय म्हणाला तर थांब. आणि शेवटी पुढची कातडी ओढून पुन्हा पुढे आणून ठेव. ही एक गोष्ट विसरतोस म्हणून दुसऱ्या दिवशी टोक सुजून पॅराफायमोसिसचा नवा रुग्ण तयार होतो, आणि तो तूच तयार केलेला असतो.

दोनदा प्रयत्न. जमलं नाही तर हात थांबव. हट्ट करायचा नाही. मूत्राशय फुगलेलं हाताला स्पष्ट लागतंय, पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण नाही, तर जघनास्थीच्या दोन बोटं वर सुई घालून लघवी काढता येते. तेवढ्यानं काही तास मिळतात आणि म्हातारा धुळ्यापर्यंत न कळवळता जातो. हे मी तुला दाखवलंय. माझ्यासमोर तू केलंयस. मग रात्री एकटा असलास की हात कुठे जातात?

नळीतून किती लघवी निघाली ते का लिहीत नाहीस? पिशवी भरली, रुग्णाला बरं वाटलं, आबा घरी जा. लिटरच्या वर निघालेल्या माणसाला घरी पाठवायचं नसतं. दाब सुटल्यावर मूत्रपिंड बेफाम लघवी सोडायला लागतं. तासाला २०० मिलिलिटरच्या वर सलग दोन तास चालली तर पाणी आणि क्षार बिघडतात, रक्तदाब घसरतो. म्हणून आकडा हवा. क्रिएटिनिन हवं, पोटॅशियम हवं. आणि अजूनही तू नळी मधेच क्लॅम्प करतोस, हळूहळू रिकामं करायचं म्हणून. ती जुनी समजूत आहे. सावकाश रिकामं केल्यानं रक्तस्राव टळत नाही, हे अभ्यासांत दिसून आलंय. धार चालू ठेव आणि माणसाकडे लक्ष ठेव. क्लॅम्प लावून चहाला जाऊ नकोस.

लघवीत रक्ताच्या गुठळ्या असतील तर १६ ची नळी घेऊन काय करणार? ती पहिल्याच गुठळीला बंद पडते. २२ ची तीन तोंडांची नळी लागते, गुठळ्या हातानं धुऊन बाहेर काढाव्या लागतात, मग धुणं चालू ठेवायचं. ट्रॉलीत ती नळी आहे का? तुला माहीत नाही. कधी बघितलंयस?

मुतखड्याकडे ये. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. कापसाची, उसाची, केळीची कामं त्या उन्हात चालतात, माणसं दिवसभरात पुरेसं पाणी पीत नाहीत. त्यामुळे मुतखडा तुझ्या ओळखीचा आहे, आणि हेच तुझं दुखणं. कंबर धरून आला की मुतखडा. डोळे मिटून सही. सलाईनच्या दोन बाटल्या, खडा वाहून जाईल. नाही जात! जोरानं पाणी सोडल्यानं खडा खाली सरकत नाही, फक्त नातेवाइकांना उपचार चालू आहेत असं वाटतं. दुखणं थांबवणारं औषध डायक्लोफिनॅक, ७५ मिलिग्रॅम, स्नायूत. तेही आधी मूत्रपिंड धड आहे ना, माणूस सुकलेला नाही ना, बघून. साठीच्या पुढचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा अशा कळेनं आला तर आधी पोटातली महाधमनी आठव. पंचविशीची बाई असेल तर पाळी कधी चुकली विचार आणि गरोदरपणाची चाचणी कर. ती पट्टी काही रुपयांत मिळते. गर्भनलिकेत गर्भ असेल आणि ती फुटली तर तासाभरात बाई जाऊ शकते. अशीच एक बाई आली होती, ती कॉटवर पडून असताना तू तिच्या सासूकडून हकीकत घेतलीस. तिला स्वतःला एक प्रश्न विचारला नाहीस.

आणि ताप? खडा आणि ताप, खडा आणि थंडी वाजून हुडहुडी. यावर मी किती घसा फोडला? वाट अडलेली, मागे पू साचलेला, जंतू रक्तात उतरताहेत. अँटिबायोटिक द्यायचंच, पहिल्या तासात, लघवी आणि रक्त कल्चरला घेऊन. पण त्यावर विसंबायचं नाही. अडलेल्या मूत्रपिंडात औषध पुरेसं पोचत नाही आणि पूही बाहेर पडत नाही. ती वाट मोकळी करायलाच लागते, आतून स्टेंट घालून नाहीतर पाठीतून नळी घालून. हे काम इथे होत नसेल तर होतं तिथे पाठव, आत्ता, रात्रीच. तू काय लिहितोस? सकाळी सोनोग्राफी, सकाळी फिजिशियनचं मत. अशा रुग्णाचा रक्तदाब पहाटे चारला कोसळतो. तेव्हा तू फिजिशियनला फोन करतोस. वरातीमागून घोडं. साठ पल्सला मी तुला कधी बोललो नाही. १३० पल्स आणि ९० रक्तदाब लिहून त्याखाली "रुग्ण स्थिर" लिहितोस, तेव्हा बोलतो.

मधुमेही माणूस अंडकोशाची आग होते म्हणाला. तू न बघता बुरशीचं मलम लिहिलंस. पॅरिसच्या जाँ अल्फ्रेड फोर्निए यांनी या जागेच्या झपाट्यानं सडणाऱ्या गँगरीनचं वर्णन १८८३ मध्ये केलं, आजही तो आजार माणसं मारतो, कारण सुरुवातीला वर फारसं काही दिसत नाही. दिसतंय त्यापेक्षा दुखणं फार जास्त. कातडीखाली हवा चरचरते. एखादा काळा ठिपका. तिथे मलम नाही, सर्जन लागतो, सडलेलं कापून काढणारा, त्याच रात्री. साखर किती ते तू पाहिलंस. ती जागा पाहिली नाहीस.

कन्नड घाटात गाडी उलटली की रुग्ण तुझ्याकडेच येतात. कंबरेचं हाड मोडलंय, मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा एक थेंब आहे. तो थेंब दिसला की नळी घालायची नाही. अर्धवट फाटलेला मूत्रमार्ग तू पूर्ण फाडशील. हे एका वाक्यात संपतं आणि हे तुला येतं. पण थेंब दिसायला पँट कापावी लागते. पोलीस केस आहे, जबाब होऊ दे, असं म्हणायची तुझी सवय इथे सबब म्हणून पुढे करू नकोस. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच, परमानंद कटारा खटल्यात, सांगून ठेवलंय की आधी जीव, मग कागद, आणि हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरला लागू आहे.

आता रेफर. मी रेफर करू नकोस असं कधीच म्हटलं नाही. पाठव, पण पाठवणं म्हणजे हात झटकणं नव्हे. तुझी चिठ्ठी बघ: "पुढील उपचारासाठी धुळे." धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयातल्या कॅज्युअल्टीत तुझ्याइतकाच तरुण, तुझ्याइतकाच झोपमोड झालेला डॉक्टर बसलाय. त्याला या तीन शब्दांतून काय कळणार? दुखणं किती वाजता सुरू झालं ते लिही. शेवटचं कधी खाल्लं, म्हणजे भूल देणाऱ्याला कळेल. लघवी किती निघाली, नळी किती नंबरची, कोणती औषधं किती वाजता. आणि रुग्ण गाडीत चढण्याआधी तिथे फोन कर, म्हणजे टेबल तयार राहील. १०८ ची गाडी बोलावलीस तर तिला काय घेऊन जायचंय ते नीट सांग. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार होतील का हे नातेवाइकांना इथेच सांग, रेशनकार्ड घेऊन निघायला सांग. कागदासाठी माणूस गावी परत धाडला की अर्धा दिवस जातो. संभाजीनगरला पाठवत असशील तर घाट सुरू आहे का ते आधी विचार. ३१ ऑगस्ट २०२१ ला दरड कोसळून घाट बंद पडला आणि इकडे तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी गावात शिरलं, हे तू बातम्यांत वाचलंस. मी ते रुग्ण हाताळले. धुळ्याच्या वाटेवरच्या मेहुणबाऱ्याच्या पुलापर्यंत जाऊन मागे फिरायला लागणं म्हणजे काय, हे रुग्णाच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

तू म्हणशील, सर, चार महिन्यांत बॉण्ड संपेल, पीजीला जाईन, मग सगळं नीट शिकेन. कुठे शिकशील? तिथे सीनियर असतील, रजिस्ट्रार असतील, तुझ्या आधी पाच हात पुढे येतील. इथे रात्री अडीच वाजता पिलखोडहून, बहाळहून, नगरदेवळ्याहून आलेल्या माणसासमोर तू एकटा असतोस. इतकी जबाबदारी तुला पुन्हा लवकर मिळणार नाही, आणि तू ती ढकलण्यात घालवतोयस. नुसते बहाणे करणाऱ्या मुलांशी मी एवढा वेळ बोलत नाही, हे तुला माहीत आहे. तुझा हात चांगला आहे. तू टाके घालताना मी पाहिलंय. नस तुला एका फटक्यात मिळते. मग हा हात पांघरुणापाशी का थांबतो, याचं उत्तर तुझ्याकडेच आहे आणि ते तुला आवडत नाही, म्हणून तू मोबाईल बघतोस.

ऊठ. आत्ता ट्रॉलीपाशी जा. १२, १४, १६, १८ नंबरच्या नळ्या मोज. २२ ची तीन तोंडांची आहे का बघ, कुडे आहे का बघ, जेलीची मुदत संपलीय का बघ, सुई, पिशवी, निर्जंतुक पाणी. काय नाही त्याचा इंडेंट लिही, सिस्टरची सही घे आणि साडेआठला माझ्या टेबलावर ठेव. आज रात्री जो पहिला पोटदुखीचा मुलगा येईल त्याच्या पेपरवर "दोन्ही वृषणं तपासली" ही ओळ हवी. तपासून लिही. नुसती लिहिलीस तर मला कळेल.